काळपुळीचा बोकड

महिपत दळवी कल्याणच्या खाटीकखान्यावर मांस तपासायचे. मुंबईत जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेऊन १९५२ साली ते इथं आले. खाण्याजोग्या मांसावर शिक्का मारायचा, बाकीचं पुरायचं, एवढंच काम. पण त्यापायी रोज कुणाशी तरी वाजायचंच.

एका सकाळी तानाजी खाटकानं शहाडहून बोकड आणला. गळा कापलेला, पण नाकातून काळपट रक्त ठिबकत होतं आणि ते गोठत नव्हतं.

"हा मेल्यावर कापलास ना?"

तानाजी खांद्यावरच्या फडक्यानं ते रक्त पुसायला लागला.

महिपतरावांनी पोट फाडू दिलं नाही. कानातलं थेंबभर रक्त काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. काड्या ओळीनं मांडाव्यात तसे जंतू दिसले. काळपुळी. माणसालाही होणारी.

एवढ्यात बोकडाचे मालक पंढरी भोईर आले. घरात मुलीची हळद होती.

"बोकर माजा, खानार माजं पावनं. तुमचा काय जातंय?"

"उद्या पाहुणे मेले तर मलाच विचारतील."

"चांगला शिजवू की."

"शिजवायच्या आधी कापावा लागतो, भोईर. रोग तिथंच लागतो."

भोईर ऐकेनात. शेवटी महिपतरावांनी स्वतः उभं राहून खोल खड्डा खणवला आणि बोकड चुन्यात पुरला. भोईरांनी दुसरा बोकड कापला, हळद झाली, कुणाला काही झालं नाही. मग ते गावभर सांगत सुटले, "कोन आजारी परला? डाक्तरानं उगाच नुकसान केला."

महिपतराव घरी बायकोवर करवादले, "सुमती, आजारी पडले नाहीत हाच माझा गुन्हा."

चार-पाच दिवसांनी तानाजीच्या मनगटाला फडकं दिसलं. महिपतरावांनी ते सोडवलं. आत काळी खपली, भोवती सूज.

"दाखवलं का नाहीस?"

"दुखत नाय, म्हणून हळद लावली."

"न दुखणारीच वाईट असते. चल."

टांग्यात घालून त्यांनी त्याला इस्पितळात नेलं. वाटभर तानाजी घरी सोडा म्हणत होता, महिपतराव वाटभर त्याला झापत होते. पेनिसिलीननं हात वाचला.

पुढच्या उन्हाळ्यात भरदुपारी तानाजीचा निरोप आला : शहाडला एक शेळी अचानक मेलीय, कुणाला हात लावू दिलेला नाही, तुम्हीच या.

"नेमकं जेवताना," महिपतराव पुटपुटले आणि ताट तसंच ठेवून सायकलीवर बसले.