मधली जागा: एका डॅनिश रेकॉर्डवाल्याबरोबर चोपडा ते धुळे

त्या सकाळी मी नेहमीसारखी अंघोळ उरकून मारुतीच्या देवळात काकड्याला गेलो आणि एकटाच गायलो. कापूस वेचणीचे दिवस. आमचे टाळकरी दमून पांघरुणात होते. भजनात एकाने ओळ म्हणायची आणि मागच्यांनी ती उचलून परत म्हणायची, याला आम्ही झेलणं म्हणतो. झेलायला कोणी नव्हतं, तरी सवयीने मी प्रत्येक ओळीनंतर थांबत होतो. आरती करून वळलो तर पायरीवर एक उंच गोरा माणूस टेपरेकॉर्डर घेऊन बसलेला, आणि त्याच्यामागे माझा भाचा सुनील जांभया देत उभा.

सुनील दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला आहे. तिथे यंत्र बसवायला आलेल्या डॅनिश इंजिनिअरचा धाकटा भाऊ लार्स भारत बघायला आला होता. त्याला खेडं दाखवायला म्हणून सुनीलने आदल्या दिवशी चोपड्याजवळच्या आमच्या गावी आणलं होतं.

"मामा, हा विचारतोय, तुमचा आवाज त्याच्या रेकॉर्डमध्ये घालू का?"

"कसली रेकॉर्ड?"

"नाचायची."

मी मारुतीकडे बघितलं. त्याने काही सुचवलं नाही. "धुळ्याहून आल्यावर सांगतो," मी म्हणालो. माझ्या मावसबहिणीच्या, म्हणजे अक्काच्या मुलीचं लग्न धुळ्याच्या पुढे एका गावात होतं आणि आम्ही निघणारच होतो. लार्सही पिशवी घेऊन तयार झाला. बायको मात्र हसली. "नाचू द्या ना. आठे ते तुमना भजनमां लोके झोपतस."

चोपड्याहून अमळनेरमार्गे धुळ्याची एसटी सकाळची धरावी. सकाळी खिडकी मिळते, दुपारी फक्त पाय ठेवायला जागा. तापीच्या पुलापर्यंत दोन्हीकडे केळीच्या बागा आहेत. लार्सने केळीचं घड लागलेलं झाड आयुष्यात पाहिलं नव्हतं, म्हणून तो सारखा उठून उभा राहत होता. कंडक्टर म्हणाला, "पाव्हण्याले सांगा, केळी पळी जात नहीं, खाली बठ." पुलावर मी नदीला हात जोडले. लार्सनेही जोडले, पण त्याने पुढच्या नाल्यालाही जोडले.

अमळनेरच्या स्टँडवर चहा घेताना त्याने स्वतःची हकीकत सांगितली. सुनील भाषांतर करत होता, त्यामुळे त्यातलं किती लार्सचं आणि किती सुनीलचं हे देव जाणे. पोरवयात तो पहाटे बेकरीत पाव भाजायचा. त्या पैशातून ढोलक वाजवणारं एक जुनं यंत्र घेतलं. बंदरावरच्या रिकाम्या गोदामांत पोरांना नाचवायला लागला. मग मासळीबाजारातल्या लिलाववाल्याची आरोळी यंत्रात घालून त्याने रेकॉर्ड काढली, ती जर्मनीपर्यंत गाजली. दुसरी कोणी घेतली नाही. तिसरी काढायला कंपनीने ही शेवटची संधी दिली होती, आणि वर्षभर त्याला काही सुचत नव्हतं.

"नाहीतर?" मी विचारलं.

"नाहीतर परत पाव," सुनील म्हणाला. लार्स मात्र हसला नाही.

त्याच्या धंद्याचं मर्मही त्याने सांगितलं. दोन तबकड्या असतात. एक संपायच्या आत दुसरी सुरू करायची, ठोका जुळवून. मध्ये जरा जागा राहिली की लोक नाचायचे थांबतात आणि निघून जातात. इतकी वर्षं त्याने जागा राहू दिली नव्हती.

पुढच्या प्रवासात त्याने जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र मांडीवर घेतलं, बटणं दाबली आणि ऐकण्याचं साधन माझ्या कानांना लावलं. आत माझाच आवाज, खाली धाडधाड ठोका. पण काहीतरी चुकलं होतं. मी ओळीमागून ओळ म्हणत सुटलो होतो, श्वास न घेता, एसटी चुकणाऱ्या माणसासारखा. त्याने मधली सगळी रिकामी जागा कापून टाकली होती. मला नीट सांगता येईना. "घाई झाली," एवढंच म्हणालो. सुनीलने त्याचं भाषांतर केलं, "फास्ट आहे." लार्स खूश झाला.

धुळ्याला उतरल्यावर पुढच्या गाडीला वेळ असेल तर शेवभाजी खावी. पाणी आधी मागून ठेवावं. लार्सने नंतर मागितलं.

लग्नाच्या मांडवात हळद चालू होती. लाउडस्पीकर रमणभाऊंचा. पाहुणा काय करतो असं त्यांनी विचारलं. लार्स म्हणाला, डीजे, आणि सुनीलने त्याचा अर्थ सांगितला, "रेकॉर्डी लावस."

"मंग हाऊ ते आपला भाऊच शे," म्हणत रमणभाऊंनी त्याला शेजारी बसवलं. "तुनाकडे भोंगा कितला शेतस?"

लार्सने हात छतापर्यंत नेला.

"आनी लाईट गई ते काय करस?"

लाईट कधी जात नाही, लार्सने सांगितलं.

"मंग तुले आजून धंदा समजना नहीं," रमणभाऊ म्हणाले, आणि मांडव हसला.

तेवढ्यात त्यांच्या टेपने कॅसेट खाल्ली. ते पेन्सिलीने फीत गुंडाळत बसले. मांडव शांत झाला. आता लार्सला ही शांतता कशी सोसणार? त्याने झटकन खिशातली कॅसेट काढून दिली. भोंग्यातून माझा काकडा सुरू झाला, न कापलेला, जसा गायलो तसा.

मी खांबामागे सरकलो. अक्का हळदीच्या हातानेच ओरडली, "आबा, पोरनी हळदमां बी काकडा लई उना?" मी कुठे घेऊन आलो होतो! लोक हसत होते, तंबाखू मळत होते. भोंग्यातली ओळ संपली. मी देवळात थांबलो होतो तसा भोंगाही थांबला.

आणि मांडवाने ती ओळ झेलली.

कोणी ठरवलं नव्हतं. आचारी पुऱ्या लाटता लाटता म्हणाला, हळद लावणाऱ्या बाया म्हणाल्या, रमणभाऊ पेन्सिल फिरवत म्हणाले. पुढची ओळ आली, जागा आली, पुन्हा सगळे. लार्स टेप बंद करायला पुढे केलेला हात तसाच धरून उभा होता. जी रिकामी म्हणून त्याने कापली होती, ती जागा या लोकांची होती. हे मला तरी कुठे शब्दांत माहीत होतं?

परतताना आम्ही पारोळा, एरंडोल करत जळगावला आलो. लार्सला बॅटऱ्या हव्या होत्या, मला भरीत. थंडीत जळगावला गेलात तर हिरव्या वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी चुकवू नका. हिरवी मिरची चावून लार्सच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसत त्याने विचारलं, "आमच्याकडे ती जागा कोण भरणार? लोक निघून जातील."

मी भाकरीचा तुकडा मोडला. नाव देवाचं, नाचणारे बिअर प्यायलेले, ही अडचण मी घरून घेऊन निघालो होतो. पण मांडवात तंबाखू मळणाऱ्यांनी झेललेलं देवाने परत पाठवलं असेल असं काही मला वाटेना. अडचण उरली ती जागेचीच. ती कापून मिळणारा आवाज माझा असला, तरी भजन नव्हतं.

"जातील तर जाऊ देत," मी म्हणालो. "जागा ठेवणार असशील तर घे."

सुनीलने भाषांतर केलं. लार्सने पाणी प्यायलं, अजून एक भाकरी घेतली आणि ती संपल्यावर मान हलवली. शेवटची संधी असलेल्या माणसाला ते सोपं नव्हतं, हे मला दिसत होतं.

या प्रवासातून घरी आलं ते थोडंच. लार्सला 'शे', म्हणजे आमचं 'आहे', म्हणायचा नाद लागला, चहा शे, गाय शे, मामा शे. मला भजनात थांबताना जरा जपून थांबावंसं वाटू लागलं. आधीच्या टेपमध्ये सुनीलच्या जांभया आल्या होत्या, म्हणून त्याला पुन्हा गाऊन हवं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी देवळात उभा राहिलो. लार्सने यंत्र चालू केलं. मी पहिली ओळ म्हटली, आणि थांबलो.