ताईंनी अडवून धरलेलं क्रियापद

गंगापूर रोडवर शालिनीताईंच्या घरी मी पहिल्यांदा गेलो, तो हातात इंग्रजी पत्र घेऊन. ताई इटालियन शिकवत, भाषांतरंही करून देत. मी वणीजवळच्या द्राक्षरसाच्या कारखान्यात नुकताच ऑपरेटर म्हणून लागलो होतो. इटलीहून आलेला पंप आठवड्यात जळाला, तो बदलून द्या, असं तिथल्या कंपनीला लिहिलेलं ते पत्र इटालियनमध्ये करून हवं होतं. मालकांनी मलाच पिटाळलेलं.

ताईंनी 'रन' या शब्दावर बोट ठेवलं. "पंप 'रन' केला, म्हणजे नक्की काय केलं?"

"चालवला, ताई."

"ते कळलं रे! कसा? इटालियनमध्ये माणूस पळतो तो शब्द वेगळा, यंत्र चालतं तो वेगळा. मी पाहिल्याशिवाय क्रियापद लिहीत नाही."

झाली का पंचाईत! दुसऱ्या दिवशी ताई एस.टी.नं कारखान्यात हजर. पदर खोचून पंपापाशी उभ्या राहिल्या. "हं, दाखव. त्या दिवशी आधी काय केलंस?"

रसाचा व्हॉल्व्ह उघडायचा विसरून मी पंप कोरडाच चालवला होता आणि नोकरीच्या भीतीनं गप्प बसलो होतो. ताईंपुढे मात्र सगळं ओकून टाकलं. रडलोही.

ताई रागावल्या नाहीत. मालकांच्या केबिनच्या दारापर्यंत सोबत आल्या. "जा आत. तूच सांग. मी इथे आहे."

मालक बोलले, चांगलेच बोलले. पण नोकरी राहिली. बाहेर आलो तर ताई तिथेच उभ्या! त्यांची चारची एस.टी. केव्हाच निघून गेली होती.

मग त्यांनी पत्रात लिहिलं, 'फार जिरारे आ सेक्को', कोरडा फिरवणे. नवा पंप काही मिळाला नाही, पण इटालियन मी तिथून शिकायला लागलो. रविवारची ती शिकवणी, दाराशी पडलेला चपलांचा ढीग, ताईंच्या हातचा गवती चहा, चुकलेल्या शब्दावर त्यांचं ते "अगं बाई!"... फार आठवतं हो. आता मोबाईल झटक्यात भाषांतर करतो, पण पदर खोचून पंपापाशी कोण येणार?

ताईंनी पंचाहत्तरी गाठली. आज मालकांच्या त्याच केबिनमध्ये मी बसतो. ताई, ठणठणीत राहा, शंभरी पार करा. चूक कबूल करायला येणाऱ्यांसाठी तुम्ही अजून पुष्कळ वर्षं त्या दाराबाहेर हव्या आहात. या वेळी खुर्ची मी आधीच आणून ठेवली आहे.