हिऱ्याचा बाप

सोजराबाईच्या दारात मी पहिल्यांदा गेलो तो चिमटा घेऊन, आणि तिनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. तांड्यावर आलेल्या माणसाला पाणी न विचारणं म्हणजे तोंडावर दार लावणंच झालं. वर ती गोऱ्ह्याच्या खुंट्याला टेकून अशी बसली होती की चिमटा चालवायचा तर आधी तिलाच उचलावं लागलं असतं.

चिमटा म्हणजे गोऱ्हा खच्ची करायचा लोखंडी चिमटा. मी डोंगरकड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. लोक डाक्टर म्हणतात, आणि दर वेळी दुरुस्त करून करून मीही थकलो. त्या दिवशी मला बोलावलं होतं सोजराबाईच्या लेकानं, देविदासनं. त्याला हिऱ्या नावाचा गोऱ्हा खच्ची करून गाडीला जुंपायचा होता. आईला विचारलंय का, हे मी त्याला विचारायला हवं होतं, पण उन्हात मोटारसायकल हाकून माझं डोकं आधीच तापलेलं.

"डाक्टर, तुमी तुमचा चिमटा घ्या आन् सरळ सडकंला लागा," सोजराबाई म्हणाली. "हे लेकरू बैल व्हणार न्हाई."

"माय, वळू पोसायचा कुणी?" देविदास म्हणाला. "दिवसभर गायांमागं पळून राहिला तो. लोकं मला बोलून राहिले."

तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. तिनं मला पाढा ऐकवायला सुरुवात केली. हिऱ्याची आई रतन, रतनची आई केसर, केसरची आई चंद्री, चंद्रीची आई मोगरी. अशी ती मागं मागं जात थेट त्या गाईपाशी पोचली, जिचे बैल तांड्याच्या लदेणीत, म्हणजे मालाच्या काफिल्यात, पाठीवर मिठाच्या गोण्या वाहत. सगळ्या लाल, डोळ्यांभोवती काळी कड असलेल्या, आमच्या भागातल्या लाल कंधारी जातीच्या. मधे एखादं नाव विसरलं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. रतनला पोटी सगळे गोऱ्हेच झाले आणि एकेक करून सगळे बैल झाले. आता रतन म्हातारी. हिऱ्याही बैल झाला की तो पाढा तिथंच संपणार होता, आणि सोजराबाईला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

खरं सांगायचं तर मलाही हिऱ्या आवडला होता. रुंद छाती, चकचकीत लाल अंग आणि नजर अशी की आपणच काहीतरी चुकलो असं वाटावं. म्हणून मी चिमटा पिशवीत टाकला आणि सांगून टाकलं की सरकारी पथक लाल कंधारीचे उत्तम वळू शोधत येतंय. वळू निवडला गेला तर तो केंद्रात जातो, तिथं त्याचं वीर्य गोठवून बारीक कांड्यांमध्ये भरतात आणि त्याची वासरं जिल्हाभर होतात. अट एकच. मायबाप पक्के माहीत हवेत, आणि तेही तोंडी नाही, डीएनए जुळला पाहिजे.

"बाप माहीत हाय की," सोजराबाई म्हणाली. "माणिकरावाचा सरदार. म्या सोता रतनला फळवाया नेली व्हती."

देविदासनं मान डोलावली. "चालंल. बाप निघाला त माझी काई तकलीफ न्हाई. न्हाई निघाला, त पोळ्याआधी डाक्टरनं चिमटा आणायचा."

"आणू द्या," सोजराबाई म्हणाली, आणि मग कुठं मला पाणी मिळालं.

माणिकराव म्हणजे डोंगरकड्यातले मोठे शेतकरी. केळीचे मळे, दारात ट्रॅक्टर, आणि प्रदर्शनात बक्षिसं मिळवलेला सरदार नावाचा वळू. डीएनए तपासायला सरदारचे केस मागायला गेलो तर ते हसले. "त्या गोऱ्ह्याचा बाप आमचा सरदार? न्या केस, पाहिजे तितके न्या. सरदारचं लेकरू असं ऱ्हात न्हाई." त्यांच्या स्वतःच्या गोठ्यातही निवडीसाठी एक गोऱ्हा तयार होता, हे ते बोलले नाहीत. पण तो समोरच बांधलेला होता.

आता हिऱ्याचे आणि रतनचे केस हवे होते. मी तांड्यावर गेलो, हिऱ्याच्या शेपटीच्या गोंड्याला हात घातला, एक झटका दिला आणि त्यानं मला लाथ दिली. सोजराबाई त्याच्याच बाजूनं उभी राहिली. "मुक्या जीवाचे केस उपटून राहिले तुमी? लाज हाय का? म्या आणून देते उद्या."

दुसऱ्या दिवशी ती खरोखरच जीपमध्ये बसून दवाखान्यात आली. तिनं टेबलावर दोन पुड्या ठेवल्या. नमुन्याची इतकी देखणी पुडी मी नोकरीत कधी पाहिली नाही. रिठ्यानं धुतलेले, तेल लावून विंचरलेले, दोन्ही टोकं कात्रीनं सारखी कापलेले केस, त्यांना लाल दोरा आणि दोऱ्याला एकेक कवडी. तांड्यावर लेकीला सासरी पाठवतात तशी तिनं हिऱ्या आणि रतनच्या केसांची पाठवणी केली होती. आणि नमुना म्हणून ते केस कवडीमोलाचेही नव्हते.

मी वैतागलो. "मावशी, मुळं कुठं आहेत?"

"मुळं काहून? घाण असती तिथं. कापून टाकली."

मी तिला बसवलं. मला शिकवायची हौस नाही, पण बाई ऐकून घ्यायला आली की नीट ऐकते हे मात्र कबूल करायला हवं. मी सांगितलं, की केसाच्या मुळाशी बारीक बारीक पेशी असतात आणि त्या प्रत्येकीत अख्ख्या हिऱ्याची माहिती असते, रंगापासून शिंगापर्यंत. ती ज्यावर लिहिलेली असते त्याला डीएनए म्हणतात. दोन लांब धागे एकमेकांभोवती पीळ घालून बसलेले. धाग्यावर चारच अक्षरं, पण त्यांच्या जोड्या ठरलेल्या. ए समोर टीच येणार, जी समोर सीच येणार. एका पेशीच्या दोन पेशी होतात तेव्हा हे दोन धागे सुटे होतात आणि प्रत्येक जुना धागा आपल्यासमोर नवा जोडीदार उभा करतो. अक्षर पाहून अक्षर. म्हणून एका पिळाचे दोन पीळ होतात आणि दोन्हींत निम्मं जुनं, निम्मं नवं असतं.

"आन् चुकलं त?" तिनं विचारलं. ती कांचळीवर, म्हणजे चोळीवर, टाके घालून आरसे बसवणारी बाई, तिला पहिला प्रश्न हाच पडायचा.

"नक्कल करणाराच मागं वळून तपासतो. चुकीचं अक्षर काढतो, बराबर बसवतो. त्याच्या नजरेतून सुटलं तर दुसरे येतात. उन्हानं, आणखी कशानं धागा खराब झाला तरी समोरचा धागा शाबूत असतो. त्याच्याकडं पाहून खराब तुकडा काढायचा आणि नवा भरायचा. तुझ्या माझ्या अंगात आत्ता हेच चाललंय."

"काम लई हाय मंग," ती म्हणाली आणि स्वतःच्या हाताकडं पाहत राहिली. "म्या बसून असते तरी?"

"बसून असलीस तरी. तरीही क्वचित एखादी चूक राहून जाते आणि पुढं लेकरांत उतरते. पुष्कळदा तिनं काही बिघडत नाही, पण पिढ्यान् पिढ्या असं साचून जनावराजनावरात फरक पडतो. प्रयोगशाळा तेच फरक पाहते. मुळातून एवढासा डीएनए निघतो, म्हणून यंत्रात तो तापवून धागे सुटे करतात, निववतात, नवे जोडीदार बसवतात, पुन्हा तापवतात. एकाचे दोन, दोनाचे चार, असं करत वाचता येईल इतका होतो. मग पाहायचं. प्रत्येक ठिकाणी हिऱ्याची एक खूण आईकडून आलेली असणार आणि एक बापाकडून."

तिनं दोन्ही पुड्या उचलल्या, कवड्या सोडून पदराला बांधल्या आणि म्हणाली, "चला मंग. म्या त्याचं तोंड धरते, तुमी उपटा."

त्या दिवशी मुळं मिळाली. हिऱ्याची, रतनची, सरदारची. नमुने गेले आणि सोजराबाईचे फोन सुरू झाले. सकाळी दवाखाना उघडायच्या आत फोन. "आलं का?" नाही म्हटलं की हिऱ्यानं काय खाल्लं ते सांगून ठेवून द्यायची. मी चिडायचो, आणि ज्या सकाळी फोन आला नाही त्या सकाळी मीच केला.

निकाल आला आणि मला तो घेऊन तांड्यावर जावंसं वाटेना. आई रतन, जुळली. बाप सरदार, नाही. एकदोन ठिकाणी नव्हे, ठिकठिकाणी हिऱ्याची खूण सरदारकडं नव्हतीच.

सोजराबाई आधी यंत्रावर घसरली. "तुमच्या यंतराला उतरवता आलं न्हाई. नक्कल चुकली." मग माझ्यावर. देविदास समजूतदार पोरगं, त्याचाही चेहरा पडला होता, पण बोली ती बोली. "उद्या चिमटा आणा, डाक्टर," तो हळूच म्हणाला. ती हिऱ्याच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. ते मला बघवेना, आणि उद्या तो चिमटा माझ्याच हातात असणार होता.

"मावशी," मी म्हणालो, "सरदारकडून रतनला घेऊन तू सरळ घरी आलीस का?"

"मंग? कुठं जानार म्या?" ती म्हणाली. मग थांबली. "जळबाच्या दारावरून आले. त्याची बायको पानी प्या म्हने. पानी प्याले."

"पाण्याला किती वेळ लागला?"

देविदास खाली बसला आणि हसायला लागला. सोजराबाईचं पाणी पिणं सगळ्या तांड्याला माहीत होतं. ती एकदा कुणाच्या ओट्यावर टेकली की भाकरी होते, चहा होतो, कुणाची सून कशी ते होतं, आणि सावली ओट्यावरून पार भिंतीवर जाते.

"रतन कुठं होती तवर?" मी विचारलं.

"जळबाच्या गोठ्यात बांधली व्हती," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून ती सुद्धा हसली. "भोळ्याच्या बाजूला."

भोळ्या म्हणजे तांड्यावरच्याच जळबाचा वळू. वासरू असताना जळबानं त्याला कंधारच्या बाजारातून आणला होता. आता हाडं निघालेला, एक शिंग वाकडं, पोरं शेपटी ओढतात तरी रवंथ करत उभा. तो वळू राहिला यात त्याचं कर्तृत्व काही नव्हतं. जळबाला चिमट्याचं नाव काढलं तरी घेरी येते. मी तीनदा चिमटा घेऊन गेलो आणि तिन्ही वेळा त्यानं मला चहा पाजून परत पाठवलं. तांडा त्याला त्यावरून हसायचा. मीही हसलो आहे.

देविदासनं चिमट्याची बोली पुढं ढकलली. भोळ्याचे केस काढताना जळबा तोंड फिरवून उभा राहिला. या वेळी निकाल आला तेव्हा मी फोनवरच सांगितलं, कारण मला दम निघेना. सगळ्या ठिकाणी जुळला. पथकातल्या डाक्टरांनी जात तपासली, भोळ्याही अस्सल लाल कंधारी. त्याला फक्त कधी पोटभर पेंड मिळाली नव्हती.

हिऱ्या निवडला गेला. न्यायला गाडी आली तेव्हा सोजराबाई नवी फेटिया, म्हणजे तांड्यावरचा घागरा, नेसून, त्यावरच्या कवड्या वाजवत आली. तिनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात लाल दोऱ्यातली ती कवडी बांधली आणि ड्रायव्हरला दम भरला की वारंगा फाट्यावर चहाला थांबलास तरी याला उन्हात ठेवू नको. गाडी वळणाआड गेल्यावर ती रडली, मीही डोळे पुसले. पण ते रडणं वाईट नव्हतं. रात्री तांड्यावर डफ वाजला, आणि जळबाला सगळ्यांनी मधे बसवलं.

दीड-दोन वर्षांनी हिऱ्याच्या कांड्या माझ्या नायट्रोजनच्या भांड्यात आल्या. पहिली मागणी कुणाची यावी? माणिकरावांची. त्यांचा गोऱ्हा काही निवडला गेला नव्हता. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाले, "डाक्टर, कांडी त्याचीच लावा. पण बोभाटा नको." मी कांडी लावली आणि बोभाटाही केला. आनंद पोटात ठेवायची मला सवय नाही.

गाय व्याली. कालवड झाली, लालबुंद, डोळ्यांभोवती काळी कड. सोजराबाई जळबाला घेऊन तडक माणिकरावांच्या गोठ्यात हजर. माणिकरावांच्या बायको गोजरबाई ओट्यावर उभ्या होत्या. सोजराबाईनं कालवडीच्या कपाळावर हात ठेवला आणि पाढा सुरू केला, पण या वेळी उलटा, मागून पुढं. मोगरीची चंद्री, चंद्रीची केसर, केसरची रतन. तिथं ती थांबली. आजवर तिच्या पाढ्यात वळूला कधी जागा नव्हती. तिनं जळबाकडं पाहिलं आणि सगळ्या गोठ्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "रतनचा आन् भोळ्याचा हिऱ्या. हिऱ्याची ही."

जळबानं टोपी काढून डोळे पुसले. माणिकराव हसले, या वेळी मनापासून, आणि म्हणाले, "बराबर हाय."

"या, पाणी घ्या," गोजरबाई म्हणाल्या.

सोजराबाई ओट्यावर टेकली, पाय लांब केले, फेटियाचा घोळ सावरला. मी घड्याळ पाहिलं, तर मलाच म्हणाली, "बसा, डाक्टर. आज संगं गाय न्हाई, निवांत बसते."