जिभेखाली

नालवाडीच्या स्टॉपवर त्या बाई रोज सकाळी आमच्या बसमध्ये चढायच्या. सरकारी मनोरुग्णालयात नर्स होत्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. बसल्या की आधी खिडकीची कडी ओढून पाहायच्या, एकदा नाही, दोनदा.

एकदा माझं डोकं फार दुखत होतं. त्यांनी पर्समधून गोळी काढून दिली, बाटलीतलं पाणी दिलं. मी गोळी गिळली, तर म्हणाल्या, "आ करा. जीभ वर."

मी मुकाट्यानं केली. त्यांनी वाकून नीट पाहिलं, "शाब्बास" म्हणाल्या आणि मग एकदम ओशाळल्या.

"सवय हो. वार्डात लोकं गोळी जिभेखाली लपवतेत."

"घरीही असंच का?" मी हसत विचारलं.

"घरी कोन हाय? माही बीपीची गोळी घेते अन् आरशासमोर आ करते. कोनीतरी पाहाले पाह्यजे ना."

नंतर कधीतरी त्या दिसेनाशा झाल्या.

आता मलाही रोजची गोळी आहे. पुण्याहून मुलगी फोनवर विचारते, "बाबा, घेतली ना?" कधीकधी घेतलेली नसते. तरी मी हो म्हणतो, आणि ती लगेच मानते.

बाईंनी मानलं नसतं.