शक्यता नाकारता येत नाही

परक्या मुलखातली आपल्या सरकारची कचेरी म्हणजे दूतावास. नाव काढलं की गालिचे आणि मेजवान्या डोळ्यांपुढे येतात. पण तिथे आपल्या लोकांच्या अडचणी निस्तरणाऱ्या या साहेबांची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. एक टेबल, दोन फोन, शिक्क्यांचा डबा आणि खिडकीबाहेर रांग. कुणाचा पासपोर्ट हरवलेला, कुणाचा मुकादम पळालेला, तर कुणाला नुसतंच आपल्या भाषेत रडायचं असलेलं.

साहेब माणूस सोन्यासारखा, पण एक खोड जबर. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या तोंडून सरळ 'हो' किंवा सरळ 'नाही' कुणी ऐकलं नव्हतं. त्यांच्या धंद्यात शिकवतातच तसं: उद्या मागे घेता येणार नाही असा शब्द आज टाकायचा नाही. स्वतःच्या लग्नाला होकार द्यायला या गृहस्थाने सव्वा महिना लावला, आणि तोही चिठ्ठीने! बायकोने विचारावं, "अहो, भाजी खारट झालीये का?" तर साहेब म्हणणार, "शक्यता नाकारता येत नाही." बायको हातातला डाव आपटायची. "मी काय शत्रुराष्ट्र आहे का? सरळ बोला की!" कचेरीतला ड्रायव्हर तर त्यांना पाठीमागे 'बघतोसाहेब' म्हणायचा.

अशा माणसाच्या टेबलावर एका सोमवारी एक कागद आला. बांधकामाच्या परांचीवरून पडून आपल्याकडचा एक वेल्डर गेला होता. वय सव्वीस. खिशात पासपोर्ट, बोटांचे ठसे जुळलेले. घरी एकटी आई.

साहेबांनी फोन लावला. अशा वेळी आधी विचारायचं असतं ते विचारलं, "मावशी, जवळ कुणी आहे का तुमच्या?"

"आहे की. म्हैस आहे. का हो?"

साहेबांनी सांगितलं. मग ती घाईघाईने बोलू लागली, "साहेब, तिथे एका खोलीत आठ-आठ पोरं राहतात. एकमेकांचे सदरे घालतात. त्याच्या सदऱ्यात दुसराच कुणी असेल. चूक होऊ शकते ना?"

ठशांचा कागद समोर होता. 'नाही मावशी' एवढंच म्हणायचं होतं. पण वीस वर्षांचं वळण पडलेली जीभ. म्हणाली, "शक्यता अगदीच नाकारता येत नाही."

"हां!" पलीकडे श्वास सुटला. "तेच म्हणते मी!"

झालं. देह घरी पाठवायचा तर आईची सही लागते. तिथल्या इस्पितळाचा नियम असा की तीस दिवस शवागारात ठेवायचं, त्यानंतर नगरपालिका आपल्या पद्धतीने पुरून टाकणार. मावशीच्या शेजारच्या दुकानदाराने साहेबांनी पाठवलेला सहीचा फॉर्म छापून तिच्या हातात दिला. तिने तो घडी घालून डब्याखाली ठेवला.

"दुसऱ्याच्या लेकरावर मी कशी सही करू?" ती साहेबांना म्हणाली. "त्याची आई कुठे तरी वाट बघत असेल. तू तिला शोध बाळा."

हो, दोन दिवसांत साहेबाचा बाळा झाला होता. साहेब रोज दुपारी फोन करायचे तो सही मागायला, आणि ऐकून घ्यायचे भलतंच. पोरगं लहानपणी शाळेतून पळून म्हशीच्या पाठीवर झोपायचं. पहिल्या पगारात आईला चपला पाठवल्या, त्या दोन्ही डाव्याच पायाच्या! सांगताना ती हसायची, साहेबही हसायचे. शेवटी ती विचारायची, "जेवलास का?" आणि सही राहून जायची.

बायकोने एकदा ताट वाढता वाढता विचारलं, "अहो, तुम्ही त्या माउलीला सांगितलंत ना?"

"सांगण्याच्या मार्गावर आहे."

"ती रोज त्याच्या वाटणीचं रांधत असेल हो," बायको म्हणाली. साहेबांनी ताट तसंच बाजूला सारलं.

सव्विसाव्या दिवशी मावशीनेच तोड काढली. "त्याच्या डाव्या पायाची करंगळी जन्मापासून शेजारच्या बोटावर चढलेली आहे. तेवढं बघून ये. नसली तर लगेच फोन कर, मी गावभर सांगत सुटते."

साहेब इस्पितळात गेले. ठसे जुळलेत हे ठाऊक असलेला हा माणूस, पण जिन्याच्या पायऱ्या उतरताना मनात घोकत होता: करंगळी सरळ असू दे, देवा. तिथल्या माणसाने कप्पा ओढला, पायावरची चादर सारली.

करंगळी शेजारच्या बोटाच्या खांद्यावर लहान मुलासारखी बसली होती.

साहेबांनी स्वतःच्या हाताने चादर नीट केली. बाहेर अंगणात येऊन फोन लावला.

"मावशी, तोच आहे."

"नीट बघितलंस? डावा पाय?"

"हो."

मग तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"

इथेही निसटायला वाट होती. आत्ताच कळलं, म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? साहेब म्हणाले, "पहिल्याच दिवशी."

"मग इतके दिवस मी..." वाक्य तिने पुरं केलं नाही. "सही कुठे करायची ते दुकानदाराला सांगा, साहेब."

एकोणतिसाव्या दिवशी पेटी विमानात चढली. त्यानंतर साहेबांनी दहादा तरी फोन लावला असेल. उचलला नाही.

पुढच्या वर्षी रजेवर आल्यावर साहेब दोन एसट्या बदलून तिच्या गावी गेले. वाटभर एकच वाक्य घोकलं होतं, सरळ, बिनवळणाचं: मावशी, माझं चुकलं. ती ओसरीवर धान्य निवडत होती. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच पाहिलं. उन्हातून आलेला पाहुणा बघून तिने पाट सरकवला, आत जाऊन पाणी आणलं, चहाही ठेवला. कप हातात देताना म्हणाली, "कुणाकडे आलात हो?"

"मावशी, मी..."

तिचा हात तिथेच थांबला. तोंडावरचा रंग उतरला.

"बोलू नका," ती म्हणाली. "राग नाही माझा. पण या आवाजाने मला सव्वीस दिवस पोरगं जिवंत ठेवून दिलं होतं. आता तो ऐकला की मी परत वाट बघायला लागेन. बसा, चहा घ्या. फक्त बोलू नका."

ती पुन्हा सुपाशी जाऊन बसली. साहेबांनी खाली मान घालून चहा संपवला, कप विसळून उपडा ठेवला, तिला दुरूनच हात जोडले आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागले.