शीलाचा ढावलो

दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यातल्या तांड्यांमध्ये रुपीबाईचं नाव निघालं, की बाया आधी पदर डोळ्याला लावायच्या आणि मग हसायच्या. हसायच्या यासाठी, की या बाईने त्यांना रडवलं होतं, आणि तेही ओळीन् ओळ पाठ करून घेऊन. आता तुम्ही म्हणाल, रडणं काय शिकवायची गोष्ट आहे? अहो, बंजाऱ्यांच्या लग्नात कधी शेवटपर्यंत थांबलात का? नुसतं मुळूमुळू रडून सासरी जाता येत नाही तिथे. नवरीला ढावलो म्हणावा लागतो. आईच्या गळ्यात पडून, बापाच्या, भावाच्या, एकेकाच्या गळ्यात पडून शब्दांनी आणि सुरात रडायचं. एक जाणती बाई नवरीच्या ओढणीत शिरते, कानाला तोंड लावून ओळ सांगते. नवरी ती म्हणते, मग पुढची. या कामाला चार तांड्यांत रुपीबाईच लागायची.

दुसऱ्या बायांकडे आजी-पणजीकडून आलेले ठरलेले ढावलो असत. रुपीबाईला ते पटत नसे. "साऱ्या पोरीयचं रडणं एकसारखं कसं असंन वं? साऱ्यायचा बाप एकच हाये काय?" असं तोंडावर विचारायची. लग्न जुळलं की ती त्या घरी जाऊन बसायची. पोरीसोबत भाकरी थापायची, शेण काढायची आणि हळूहळू विचारायची. कोणत्या शेळीवर जीव आहे? भावाशी कशावरून भांडलीस? बापाने कधी मारलं? त्यातून ती त्या पोरीचा ढावलो बांधायची. एकीला दिलेली ओळ दुसरीला द्यायची नाही, हा तिचा नेम.

बांधायची कुठे, तर रानात. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचा आणि ओठ हलत राहायचे. नवरा खेमसिंग सगळ्यांदेखत म्हणायचा, "माही बायको एवढ्या जोरानं इचार करते बाप्पा, का बोंडं घाबरून फुटते." तिला कधी कोणी कलावंत म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिने ती शिवी समजून भांडण काढलं असतं. पण एक गोष्ट तिला आतून खायची. ओळ जमली की तिला आनंद व्हायचा. पोर आईपासून तुटणार, घरभर सुतक असल्यासारखं वातावरण, आणि ही मनात खूश, की शब्द बरोबर बसला! त्या आनंदाची तिला लाज वाटायची. लाज वाटली म्हणून तो काही कमी व्हायचा नाही.

तिला शीला ही एकच लेक. तान्ही होती तेव्हापासून शीला आईबरोबर कापसात. वेचणीच्या वेळी कमरेला ओटी बांधतात, तिच्यात एका बाजूला कापूस आणि एका बाजूला ही पोरगी. तिथेच शीलाचा ढावलो सुरू झाला. पहिली ओळ पोरगी रांगायला लागायच्या आधीच सुचली होती. बंजाऱ्यांच्या गोरबोलीतली ओळ मराठीत आणली की निम्मी सांडते, तरी सांगतो: "याडी, एकाच ओटीत वाढवलंस मला आणि कापसाला. संध्याकाळी कापूस मालकाला दिलास. मला तरी ठेवायचं होतंस." याडी म्हणजे आई. वर्षाला एखादी ओळ त्यात पडायची. घाई नव्हतीच. शीला ती गुणगुण ऐकत मोठी झाली, आणि ते आपलं आहे हे तिला कोणी सांगायची गरज पडली नाही. मैत्रिणींना तोऱ्यात सांगायची, "माह्यावाला तयार होऊन राह्यला. तुमचा अजून पत्ताच नाई."

शीला सोळा वर्षांची असताना शेजारच्या भावसिंगच्या ममताचं लग्न निघालं. ममता रांगत होती तेव्हाच तिची आई गेलेली. रुपीबाई नेहमीसारखी जाऊन बसली, विचारत राहिली. पोरगी मान खाली घालून एकच म्हणे, "मले मायचं काहीच याद नाई, काकी." ना चेहरा, ना आवाज, ना मार. ज्याची आठवणच नाही त्याचा ढावलो कशातून बांधायचा? रुपीबाईचं कापसात लक्ष लागेना. लग्न उभं राहिलं तरी हाताशी एक ओळ नव्हती.

निरोपाची वेळ झाली. ममताला उभं केलं, रुपीबाई तिच्या ओढणीत शिरली. बाहेर सगळा तांडा थांबलेला. पोरगी गप्प, आणि तिच्या कानाशी रुपीबाईही गप्प. बायांची कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, "रुपीबाई आटली वाटते." ते तिने ऐकलं. आणि तिच्या तोंडून ओळ निघाली: याडी, एकाच ओटीत वाढवलंस मला आणि कापसाला...

मागून तिने हजारदा मनाला सांगितलं, की बिनआईच्या पोरीसाठी दिली. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण ती कुजबुज होती. आटली म्हटलेलं तिला सोसलं नाही. एका ओळीवर थांबलीही नाही. सगळा ढावलो दिला, शेवटपर्यंत. मेलेल्या आईला हाक मारून ममता तो म्हणत गेली आणि तांडा ढसाढसा रडला. भावसिंगने जमिनीवर बसकण मारली. आणि ओढणीतून बाहेर येताना रुपीबाईला तोच जुना आनंद झाला, कधी नव्हे एवढा. मग समोर शीला दिसली. ती रडत नव्हती. आईकडे बघत होती.

घरी आल्यावर शीला एवढंच म्हणाली, "काहून दिलं?"

"तुले याच्याहून चांगला बांधून देतो ना मी," रुपीबाई म्हणाली. चुकलं म्हणायला हवं होतं. तिला वाटलं, ओळींची भरपाई ओळींनी होते. जन्मभर शब्दांत वावरलेल्या बाईला एवढं कळू नये!

तिने बांधलाही. चार वर्षांनी शीलाचं लग्न वणीकडच्या शामशी जुळलं, कोळशाचा ट्रक चालवणारा साधा पोरगा. तोवर नवा ढावलो तयार होता. जास्त घोटीव, जास्त सुरेल. शीलाने एक ओळ पाठ केली नाही. निरोपाच्या वेळी एकेकाच्या गळ्यात पडली, खेमसिंगच्या छातीवर डोकं ठेवून थोडा वेळ उभी राहिली, पण तोंडातून हूं नाही. रुपीबाई ओढणीत शिरायला गेली तशी हलक्या आवाजात म्हणाली, "माह्यं होतं ते गेलं, याडी. दुसरं नाई पाह्यजे." आणि जाऊन गाडीत बसली. ढावलो न म्हणता गेलेली नवरी तांड्याने कधी पाहिली नव्हती. ज्या बाईने चार तांडे रडवले, तिची लेक कोरड्या डोळ्यांनी गेली! बायांना महिनाभर विषय पुरला.

नंतर काही बिघडलं असं नाही. शीला दिवाळीला यायची, फोन करायची, बापासाठी औषधं आणायची. फक्त त्या गोष्टीवर दोघी बोलल्या नाहीत. रुपीबाई दर दिवाळीला ठरवायची, औंदा म्हणून टाकू, चुकलं वं माय माह्यं. शीलाची पिशवी भरता भरता शब्द ओठापर्यंत यायचे आणि ती म्हणायची, "लोणचं घेतलं काय?" दुसऱ्यांच्या पोरींसाठी शब्द शोधणारी बाई स्वतःच्या पोरीपुढे लोणच्यावर येऊन थांबायची. ढावलो बांधणं तिने सोडलं. तसंही आता लग्नात डीजे असतो, आणि पोरी ढावलो मोबाईलवर लावतात. कोणी बोलवायला आलं नाही आणि तिनेही वाट पाहिली नाही.

खेमसिंग गेला. पुढच्या उन्हाळ्यात रुपीबाईला लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. डोकं शाबूत, कळत सगळं होतं, पण जिभेवर शब्द येईना. यवतमाळच्या दवाखान्यात पडल्या पडल्या तिच्या मनात एकच होतं, की दिवाळीला म्हणणार होती ते आता राहिलं.

दवाखान्यातून तांड्यावर आणल्यावर शीला तिला कायमची वणीला न्यायला आली. गाडी लिंबाखाली उभी राहिली. सामान ते काय, एक पेटी आणि एक गाठोडं. सगळ्या बाया जमल्या. ममताही लेकरं घेऊन माहेरी आली होती, ती रुपीबाईचे पाय धरून रडली. एक म्हातारी बोलून गेली, "जलमभर साऱ्यायले रडवलं हिनं. आज हे तांडा सोडून चालली, हिच्या तोंडी कोन देईन ढावलो?"

शीला पेटी ठेवायला गाडीकडे गेली होती, ती परत फिरली. आईला खाटेवर नीट बसवलं, तिच्या डोक्यावर ओढणी टाकली आणि स्वतः ओढणीत शिरली. जाणत्या बाईसारखं आईच्या कानाला तोंड लावलं.

"याडी, एकाच ओटीत वाढवलंस मला आणि कापसाला..."

आणि थांबली. रुपीबाई पोरींसाठी थांबायची तशी, त्यांनी ओळ म्हणावी म्हणून. रुपीबाईचे ओठ हलले, आवाज आला नाही. शीला एक ओळ पूर्ण होईल एवढा वेळ थांबली, मग पुढची म्हणाली. पुन्हा थांबली. एकही ओळ ती विसरली नव्हती. मधली एक तर रुपीबाई स्वतः विसरून गेली होती. वाकड्या झालेल्या तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी, आणि ती सगळा जीव जिभेवर आणून शब्द शोधत होती. चुकलं, हा एकच शब्द.

तो काही सापडला नाही. शेवटच्या ओळीनंतर शीला थांबली तेव्हा रुपीबाईच्या तोंडून तुटकं, जड, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं एवढंच आलं, "या...डी."

लेकीकडे बघून म्हणाली ती. तेव्हा शीला रडली, नवरी होऊन गेली त्या दिवशी रडायची राहिली होती तेवढी रडली. शाम गाडीपाशी थांबून राहिला. बऱ्याच वेळाने दोघांनी मिळून रुपीबाईला उचललं आणि गाडीत ठेवलं.