खालची चिठ्ठी

कास्तामोनूच्या सुभ्यात सुभेदार किती आले नि किती गेले, ते दुरसून दवंडीवाल्याला विचारावं. प्रत्येकाची थोरवी त्यानं एकाच सुरात गावभर ऐकवली होती. नवा कर, पडलेला पूल, हरवलेलं गाढव, सगळं त्याच सुरात. आवाज खणखणीत, चेहरा कोरा. सरकारला अशी माणसं फार आवडतात.

त्या वर्षी लष्करभरतीच्या चिठ्ठ्या निघायच्या होत्या आणि त्याचा एकुलता एक याकूब वयात आला होता. बाप कमावता, म्हणून सूट नाही. चिठ्ठी कोरी निघाली तर पोरगा आपला, नाहीतर येमेनचा. येमेनला गेलेलं पोर परत आलेलं गावानं अजून पाहिलं नव्हतं.

याकूब इस्तंबूलला एका खानावळीत आचाऱ्याच्या हाताखाली होता.

"बोलावून घ्या त्याला," बायको शेरिफे म्हणाली. "ज्याचं त्यानं उचलू दे."

"आणि हातची नोकरी गेली म्हणजे? पोरगा हजर नसला की बापानं उचलायची, रीतच आहे. मी उचलतो."

कचेरीपुढच्या अंगणात इमामानं दुआ मागितली. दुरसूननं बिस्मिल्ला म्हणून पिशवीत हात घातला. बोटांना एक चिठ्ठी लागली. ती का कोण जाणे त्यानं सोडली आणि खालची काढली. कारकुनानं ती उघडून त्याच्याकडे पाहिलं. निकाल पुकारायचं काम दुरसूनचंच होतं.

"दुरसूनचा मुलगा याकूब, शिपाई!"

सूर तोच. आपल्याला काहीच कसं होत नाही, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

"अरे, पोटच्या पोराला तरी जरा कळवळून पुकारायचं," कहवेवाला बेकिर म्हणाला. दुरसूननं त्याच्याकडून कहवा घेतला आणि सगळा प्यायला.

घरी शेरिफे चुलीपाशीच बसून होती. "ऐकलं मी इथून," ती म्हणाली. "हाताला लागली तीच काढलीत ना?"

"हो."

तिनं त्याला सूप वाढलं.

निघायच्या दिवशी इस्तंबूलहून आलेल्या याकूबनं बापाचा उजवा हात हातात घेतला, त्याचं चुंबन घेतलं आणि तो कपाळाला लावला. मोठ्यांचा निरोप असाच घेतात. हात ओढून घ्यावा, असं दुरसूनला फार वाटलं. पण हात हललाच नाही.

"आई म्हणाली, लागली तीच काढलीत. मग ती अल्लाची मर्जी, बाबा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

आत्ता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही, हे दुरसूनला समजत होतं. शेरिफे दोघांकडे बघत उभी होती.

"नाही लावून घेत," तो म्हणाला. मग ढोल गळ्यात अडकवून तो भरती झालेल्या पोरांच्या पुढे चालू लागला. रवानगीची दवंडी द्यायची होती.